गाडीतला वास आणि सहा तास

१४ जुलै, सोमवार

हेडविग आज माझ्या गाडीत बसली आणि तीन मिनिटांत उतरली. मी मोजली. पोस्टाच्या पेट्यांपासून लाकडाच्या वखारीच्या वळणापर्यंत तीन मिनिटं. मग म्हणाली, "मेल्कर, थांबव, नाहीतर इथेच ओकेन." उतरून दगडावर बसली आणि डोकं गुडघ्यांत घातलं. मी शेजारी उभा. चार वर्षं जिच्यासाठी जीव तुटतोय तिच्या पाठीवर हात ठेवायची हिंमत होऊ नये! मी काय केलं, तर खिशातलं च्युइंगगम काढून पुढे केलं.

"आत कुणाचे मोजे मरून पडलेत का?" ती म्हणाली.

"जुनी गाडी आहे. आजोबांची होती. थोडा वास येणारच."

"थोडा?"

मग तिने एक तारखेचा विषय काढला. एक ऑगस्टला तिला गोथेनबर्गला पोचायचंय. तिथे लाकडी होड्या बांधायच्या शाळेत तिला जागा मिळालीय. तिच्या वडिलांची पाठ धरलेली, म्हणून मे महिन्यातच मी सांगून ठेवलं होतं की सामानासकट मी सोडतो. आमच्या गावापासून गोथेनबर्ग सहा तास. चार वर्षं जे सांगायचं राहिलंय ते सांगायला सहा तास, शेजारी शेजारी, समोर बघत. आणि चालत्या गाडीतून कुणी उठून जाऊ शकत नाही. मी हे सगळं नीट योजलेलं आहे.

आणि त्यात आता आमचा दोस्त कास्पर. त्याच्याकडे नवी विजेवर चालणारी गाडी आहे, तोही नेमका एक तारखेलाच गोथेनबर्गला निघालाय. "वास गेला नाही तर मला कास्परबरोबर जावं लागेल," हेडविग म्हणाली. "माझं पोट ऐकत नाही, मी काय करू?"

अठरा दिवस आहेत. मी गाडीचा एकेक खिळा सुटा करेन, पण हा वास शोधून काढेनच.

१५ जुलै

रूनेच्या गॅरेजवर पाटी: "सुट्टी. चार ऑगस्टला भेटू." जुलैमध्ये हा सगळा देश पाण्याच्या काठावर उताणा पडलेला असतो, हे ठाऊक असूनही मी गेलो. दाराला लाथ घातली. अंगठा सुजलाय. मग फोन केला, तर रूने होडीत होता. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"गाडीला वास येतोय?" म्हणाला. "माझ्या होडीला नाही येत. ऑगस्टमध्ये ये." आणि ठेवला.

घरी येऊन आदळआपट केली तेव्हा गुन्वोर आत्या बटाटे खरवडत होती. फेब्रुवारीत मी उप्सालाचं कॉलेज सोडून आलो तेव्हापासून तिच्या माडीवर राहतो. तिने वर न बघताच विचारलं, "अडीच वर्षं यंत्रांचंच शिकत होतास ना?"

"मग?"

"मग उघड गाडी. अर्धवट शिकलास म्हणून अर्धीच उघडायची असं काही नाही."

मी चिडून तिला म्हटलं, तूच येऊन हुंगून सांग कसला वास आहे ते. तेव्हा तिने फक्त नाकाला बोट लावून दाखवलं. विसरलोच होतो. तीन वर्षांपूर्वीच्या आजारपणापासून तिला वासच येत नाही. "मला तुझे बूटसुद्धा गुलाबासारखे," म्हणाली. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात नोकरी केलेली बाई, डोळे मिटून बाटल्या ओळखायची म्हणे. माझ्या वेळेलाच नेमकं नाक गेलं.

ठीक आहे. एकटा तर एकटा. पद्धतशीर जायचं.

वास कधीपासून? मिडसमरच्या, म्हणजे जूनमधल्या आमच्या उन्हाळी सणाच्या, आदल्या दिवशी नव्हता, हे नक्की. सणाच्या रात्री सगळे तळ्याकाठी होतो आणि दरवर्षीप्रमाणे पाऊस आलाच. गाडीत काय काय होतं: हेरिंग माशाच्या लोणच्याच्या चार बरण्या, नवे बटाटे, शेपू, स्ट्रॉबेरीचा केक, बिअरचे दोन क्रेट, हेडविगच्या वडिलांचं अकॉर्डियन. शिवाय स्वतः हेडविग. तिचा तंबू गळायला लागला, तेव्हा ती माझ्या मागच्या सीटवर माझा स्वेटर उशाला घेऊन झोपली आणि मी कास्परच्या तंबूत त्याचं घोरणं ऐकत पडलो. सकाळी बघतो तर ती सीटखाली हात घालून अर्धा तास काहीतरी शोधत होती. काय हरवलं विचारलं तर "काही नाही", मग म्हणाली "कानातलं". तिने कानांत कधी काही घातलेलं मला आठवत नाही. स्वेटर अजून तिच्याकडेच आहे. विसरली असणार.

पहिला संशयित: हेरिंग.

१७ जुलै

सापडलं!!

गालिचे काढले, साबणाने धुतले, व्हिनेगरने पुसले. सामानाच्या जागेत एक काटा, तीन क्रोनांची चिल्लर आणि स्टेपनीच्या खड्ड्यात एक बटाटा. काळा, मऊ, केस आलेला. मी तो चिमट्यात धरून आत्याला दाखवायला धावलो.

"अभिनंदन," ती म्हणाली. "टेबलावर ठेवू नकोस."

मी गाडी गावातून दोनदा फिरवली. खिडक्या बंद. काही नाही! फक्त साबण. हेडविगला लगेच फोन केला आणि बहुतेक ओरडूनच सांगितलं. ती म्हणाली, "अरे वा. एवढ्यातच?" एवढ्यातच! तीन दिवस गुडघे घासतोय मी!

१८ जुलै

ऊन पडलं आणि वास परत आला. पहिल्यापेक्षा जास्त. बटाटा निर्दोष होता.

२० जुलै, रविवार

हेडविग वेलदोड्याचे बन घेऊन आली. मी सीटवर कॉफीच्या चोथ्याच्या सहा वाट्या मांडल्या होत्या, त्या बघून हसत सुटली. "गाडी आहे की श्राद्ध?"

मी सांगितलं की मला वेळ नाही, मी गंभीर आहे. तर म्हणाली, मी मदत करते. तू आत जा, कॉफी कर, मागची सीट मी बघते.

"तुला उलटी होईल."

"नाकाला चिमटा लावते. जा रे तू."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. खरंच तिने कपड्यांचा लाकडी चिमटा नाकाला लावला होता आणि सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून चाचपत होती. त्या चिमट्यासकट इतकी सुंदर दिसत होती की कॉफी उतू गेली. मी बाहेर आलो तशी ती झटकन सरळ झाली. लालबुंद.

"सापडलं?"

"काय?"

"काय म्हणजे? वासाचं कारण!"

"अच्छा, ते. नाही."

मग बन खाताना म्हणाली, "तू इतकी घाई कशाला करतोस?"

"घाई? बारा दिवस उरलेत!"

"हो, बारा," ती म्हणाली आणि तळ्याकडे बघत बसली. जाताना सांगून गेली की उद्याही येईन, परवाही येईन, सीट मात्र माझ्याशिवाय उघडू नकोस.

मला सगळं स्वच्छ दिसतंय. तिचा माझ्यावर विश्वास नाही. माझं काम तपासायला येते. मनातून कास्परची गाडी कधीच ठरलेली आहे.

२२ जुलै

डॅशबोर्ड उघडला. सेहेचाळीस स्क्रू. पंख्याच्या पेटीत हात घातला आणि हाताला काहीतरी मऊ लागलं. उंदराचं घरटं! कापूस, कागदाचे तुकडे, आजोबांच्या जुन्या नकाशाचा अर्धा नॉर्वे. मी अंगणातच नाचलो. हेडविगनेही टाळ्या वाजवल्या, जरा हळूच.

घरटं जुनं, कोरडं, रिकामं निघालं. त्याला कसलाही वास नव्हता. सगळं परत जोडलं तर तीन स्क्रू उरले आणि वास तसाच.

२३ जुलै

इंडिकेटर लावला की वायपर फिरतात. असू दे.

२४ जुलै

आज सकाळी दात घासता घासता डोक्यात वीज चमकली. कोळंबी!

गेल्या वर्षी कास्परच्या भावाच्या लग्नात आम्हीच नवऱ्याच्या गाडीच्या चाकांच्या टोप्यांमध्ये कोळंबीची डोकी भरली होती. आम्हीच म्हणजे कल्पना कास्परची! आणि मिडसमरच्या रात्री माझी गाडी त्याच्या तंबूपासून दहा पावलांवर. गोथेनबर्ग, तारीख, रिकामी सीट, सगळं जुळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारही टोप्या उचकटून काढल्या. आत माती होती. फक्त माती. पण म्हणून काय झालं, माणूस हुशार असेल तर दुसरीकडे भरेल.

तसाच पोहण्याच्या धक्क्यावर गेलो. कास्पर चड्डीवर उभा राहून आइस्क्रीम खात होता.

"कुठे लपवलीस?"

"काय?"

"कोळंबी."

त्याने आइस्क्रीमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरा आहेस ना?"

"हेडविगला तुझ्या गाडीतून न्यायचं म्हणून तू माझी गाडी नासवलीस. कबूल कर!"

"अरे येड्या," तो म्हणाला, "मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाली, थांब, आधी मेल्करच्या गाडीचं काय होतं ते बघते. परवा तर म्हणाली, समज वास नाही गेला, तर उलटीच्या गोळ्या घेऊन बसता येईल का तिच्यात? आता गोळ्या खाऊन तुझ्याच गाडीत बसायचं, तर मी कुठे येतो यात? मलाच कळेना."

मलाही कळेना. पण तो 'मलाच कळेना' म्हणताना ज्या तऱ्हेने हसला ते मला आवडलं नाही. मी त्याला पाण्यात ढकललं. आइस्क्रीमसकट.

वर येऊन थुंकला आणि म्हणाला, "कॉलेज सोडलंस ते बरं केलंस. अजून शिकला असतास तर अवघड झालं असतं."

घरी येईपर्यंत राग उतरला होता. उद्या त्याला आइस्क्रीम भरून द्यायला हवं. पण गोळ्या? गोळ्या कशाला हव्यात, मी वास काढतोच आहे की!

२७ जुलै, रविवार

काहीतरी घडलंय!

उन्हात चारही दारं उघडी टाकून मी कंटाळून पायरीवर बसलो होतो. हातपाय गाळून, खरं सांगायचं तर. तेवढ्यात आत्याचा बोका, कर्नल, गाडीत शिरला. कर्नल चौदा वर्षांचा आहे, दिवसाला दोनदा जागा बदलतो. तो मागच्या सीटवर चढला आणि लोळायला लागला. नुसता लोळला नाही, गाल घासले, पाय वर केले, लाळ गाळली, म्हातारा नाचला अक्षरशः. मग शेजारच्या दोन मांजरी आल्या. मग एक चौथं, ते कुणाचं तेही ठाऊक नाही. सगळी मागच्या सीटच्या उजव्या कोपऱ्यात, एकमेकांना ढकलत.

मी ओरडलो, "आत्या! मासाच आहे! हेरिंग!"

आत्या हातातलं विणकाम घेऊन आली. दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

"मासा असता तर खरवडली असती सीट," ती म्हणाली. "मेलेला उंदीर असता तर हुंगून निघून गेली असती. हे बघ, ती झिंगलीत."

"झिंगलीत म्हणजे?"

"आमच्या दुकानात एक बरणी होती, तिचं झाकण मी चाळीस वर्षं घट्ट लावत आले. जरा सैल राहिलं की दुकानाचं मांजर असंच लोळायचं. व्हॅलेरियनचं मूळ. झोप येत नाही म्हणणाऱ्यांना त्याचे थेंब द्यायचो. ओलं असतं तोवर कुणाला पत्ता लागत नाही, आणि जसजसं वाळतं तसतसा घाणेरड्या मोज्यांचा वास सुटतो."

मोजे! हेडविग पहिल्याच दिवशी म्हणाली होती, मोजे!

"पण माझ्या गाडीत झोपेचं औषध येईल कुठून?"

"औषध नाही रे गाढवा, झाड. तळ्याकाठी ओलीत हवं तेवढं उगवतं. जूनअखेर फुलतं, गुलाबीसर." आणि सुया परत चालू करत म्हणाली, "ती सीट काढ."

हेडविगने सांगितलं होतं, माझ्याशिवाय उघडू नकोस. फोन केला, उचलला नाही. उद्या पहाटेच काढतो. आता धीर धरवत नाही, पण बोल्ट गंजलेत आणि पाना रूनेच्या शेजाऱ्याकडे.

२८ जुलै

सकाळी सहाला सुरुवात. चार बोल्ट. शेवटच्याने माझं रक्त काढलं. पावणेआठला सीट उचलली आणि वासाचा असा लोट आला की डोळ्यांतून पाणी. सीटच्या पाठीमागे, सीटबेल्टचं कुलूप जिथे आत जातं त्या पोकळीत, एक जुडी होती. निळ्या रबराने बांधलेली. हेडविगच्या केसांचं रबर, मी कुठेही ओळखेन.

सगळं करडं, वाळलेलं, चुरगळलेलं. खाली एकाला भलंमोठं मूळ तसंच, मातीसकट.

"हे बघ," आत्या म्हणाली. "मुळासकट उपटलंय. अंधुक उजेडात, पावसात, घाईघाईने." मग एकेक काडी वेगळी करायला लागली. डेझी. क्लोव्हर. पिवळं लोणीफूल. निळी घंटाफुलं. रानजिरेनियम. एक मला न ओळखता येणारं. आणि ते व्हॅलेरियन.

"मोज," म्हणाली.

सात.

मी सीटच्या सांगाड्यावर बसलोच. सात जातींची फुलं. मिडसमरच्या रात्री तोंडातून शब्द न काढता तोडायची, उशाखाली ठेवून झोपायचं, आणि स्वप्नात जो येईल त्याच्याशी लग्न. आमच्या शाळेतल्या पोरी वर्षानुवर्षं करत आल्या. पण कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की फुकट गेलं.

गाडीचा वास दुपारपर्यंत संपूर्ण गेला. पाचदा तपासला. मी जिंकलो. पंधरा दिवस ज्याच्यासाठी झगडलो ते झालं, आणि मी ती जुडी घेऊन पायरीवर बसलोय.

तिने कुणाला पाहिलं?

माझ्या गाडीत, माझ्या स्वेटरवर डोकं ठेवून, ती कुणाचं स्वप्न बघायला झोपली होती?

२९ जुलै

रात्रभर डोळा लागला नाही. नऊ वाजता तिच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. ती खोक्यांवर चिकटपट्टी लावत होती, अंगात माझा स्वेटर. मी जुडी समोर धरली.

ती आधी पांढरी झाली, मग लाल. "कुठे होती?"

"सीटबेल्टच्या पोकळीत. हाच वास. व्हॅलेरियन."

"म्हणजे तो वास... माझाच?" तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून मी घाबरलो, हसत होती. "आणि मी तुला मोजे म्हणाले!"

"हसू नकोस. कोण होता?"

"कोण कोण होता?"

"स्वप्नात!"

"सांगत नसतात."

"कास्पर?"

"कास्पर?" ती म्हणाली. "कास्पर असता तर मी कधीच सांगून टाकलं असतं. त्याच्यासाठी कोण गप्प बसेल?"

"मग कोण?"

तिने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं चेहऱ्याला ग्रीस लागलंय. मी पुसलं. "मेल्कर," ती हळूच म्हणाली, "तू खरंच विचारतोयस?"

"मग काय गंमत करतोय?"

"शुक्रवारी आठला ये," ती म्हणाली आणि चिकटपट्टी टर्रकन ओढली. "नाश्ता करून ये."

म्हणजे कास्परपेक्षा वरचढ कुणीतरी आहे. असा, की त्याच्यासाठी ती गप्प राहते. होड्यांच्या शाळेतला मास्तर? मे महिन्यात ती मुलाखतीला गेली होती. दाढीवाला असणार. हात राकट.

३० जुलै

आत्याला मास्तराबद्दल सांगितलं. तिने विणकाम खाली ठेवलं.

"उशाला काय होतं म्हणालास?"

"माझा स्वेटर. त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही," ती म्हणाली. "आणि हा मुलगा इंजिनियर होणार होता."

२ ऑगस्ट, शनिवार. गोथेनबर्ग

काल आठ वाजता निघालो. दोन खोकी, अवजारांची पेटी, सायकल. गाडीला साबणाचा आणि थोडा कर्नलचा वास. हेडविगने दार लावलं, एक मोठा श्वास घेतला, सोडला, म्हणाली, "चल."

मी ठरवलं होतं की घाई करायची नाही. पहिला तास हवापाण्याचं. मग होड्यांचं. कार्लस्टाडला कॉफी, तिथे हळूच विषयाकडे वळायचं, आणि शेवटच्या तासात बोलायचं. मी कागदावर लिहूनही आणलं होतं.

मूरा ओलांडून जंगलात शिरलो. ती नुसती बघत होती, रस्त्याकडे नाही. समोर लाकडाचा ट्रक. मी त्याला ओलांडायला इंडिकेटर लावला, वायपर फिरले, कोरड्या काचेवर कर्रकर्र, आणि का कोण जाणे माझं डोकं फिरलं. गाडी थेट बसथांब्यावर घातली, करकचून थांबवली आणि ओरडलोच, "तो दाढीवाला असो नाहीतर कुणी असो, मला काही घेणं नाही! चार वर्षं झाली! नववीतल्या पोरासारखा जीव जातोय माझा तुझ्यावर! मास्तराला सांग काय सांगायचं ते, पण हे ऐकून घे आणि मग हवं तर उतर!"

वायपर चालूच. कर्रकर्र.

"कोण मास्तर?" हेडविग म्हणाली.

तिने घड्याळात पाहिलं.

"आठ चाळीस. मला वाटलं होतं, कार्लस्टाडपर्यंत वेळ लावशील." मग तिने माझा ग्रीसचा हात गियरवरून उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला, जणू आपलं हरवलेलं काही जागेवर ठेवतेय. "आता उरलेले पाच तास काय बोलायचं?"

मी खिशातला तो कागद काढून पाहिला. ती हसायला लागली, मग मीही, आणि मागून बस आली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, खिडकी खाली करून विचारलं, "मुक्काम आहे का?"

पुढे ती बोलली, मी बोललो, काय ते आठवत नाही आणि आठवलं तरी इथे लिहिणार नाही. ओमोलच्या पुढे तिला झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं. त्यानंतर मी सत्तरच्या वर गेलो नाही. मागे गाड्यांची रांग लागली, लोक दिवे दाखवत होते, एकाने हात बाहेर काढून शिव्या दिल्या. एरवी मी उतरून त्याची गचांडी धरली असती. काल नुसता रस्त्याच्या उजव्या कडेला सरकलो आणि त्याला वाट दिली, मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला.

सहा तासांचा रस्ता. आम्हाला नऊ लागले.